माझ्या भावाला गुन्हेगार ठरवा

सरकारी कचेरीत जाऊन "माझा भाऊ निर्दोष आहे हो" म्हणून गळा काढणारे पुष्कळ असतात. "माझा भाऊ पक्का गुन्हेगार आहे, एवढं मान्य करा" म्हणून टेबलावर हात आपटणारी त्या इमारतीत मी पहिलीच. आणि टेबलापलीकडचा शहाणा मला समजावत होता, "नाही हो आजी, तुमच्या भावाने काहीच केलेलं नाही. म्हणून तर तो तुरुंगातच राहणार."

हे नीट पहिल्यापासूनच सांगायला हवं.

आम्ही चार बहिणी आणि आमच्या पाठीवर हा एक दिवटा. कागदावरचं नाव काहीही असो, घरीदारी सगळे लाडोबाच म्हणायचे. पाळण्यातून पडला तेव्हा रडण्याऐवजी 'मांजराने ढकललं' म्हणाला, आणि घरात मांजर नव्हतंच. पुढेही तेच. शाळेला उशीर झाला तर वाटेत हत्ती आडवा आलेला. लग्नाला उशीर झाला तर हत्तीण. हातात कला मात्र एक होती, बूट-चपला दुरुस्त करायची. उसवलेला तळवा असा शिवायचा की टाका दाखवा आणि इनाम घ्या.

त्या कलेवर तो परमुलखात गेला. तिथे एका थोरल्या दुकानाच्या तळघरात, सरकत्या जिन्याच्या खाली, बूट दुरुस्तीचं काउंटर होतं. डोक्यावर दिवसभर लोकांचे पाय सरकताहेत आणि खाली हा टाचा ठोकतोय. गप्प बसणं माहीत नाही, तेव्हा दोन महिन्यांत तिथली भाषा मोडकीतोडकी उचलली आणि तळव्याची झीज बघून लोकांना भविष्य सांगायला लागला. टाच बाहेरून झिजली, प्रवास. आतून झिजली, सासरचा त्रास. अंगठ्याखाली झिजली, बढती. मग काय, रांगा लागल्या. म्हणे कित्येक जण घरून निघायच्या आधी नवेकोरे बूट अंगठ्याखाली फरशीवर घासून आणायचे. अशा लोकांचा देश. आणि आम्हाला वाटतं मूर्ख फक्त आपल्याकडेच पिकतात.

एक दिवस एक बाई नवऱ्याचे बूट घेऊन आली. नवरा त्या शहराचा पोलीसप्रमुख. लाडोबाने बूट उलटा केला. तळव्यात लाल खडे रुतलेले. तसले खडे दुकानामागच्या गल्लीत एकाच घरासमोर अंथरलेले होते, आणि त्या घरात एक देखणी विधवा राहायची. लाडोबा म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या यजमानांना दोन घरं आहेत."

जन्मात एकदाच खरं बोलला, आणि तेच नडलं.

त्या देशात भविष्य सांगून लोकांना नादी लावणं हा गुन्हा आहे. एरवी त्या कायद्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. पोलीसप्रमुखाने तो कपाटातून काढला, धूळ झटकली, आणि लाडोबाला पाच वर्षं ठोकली.

पहिलं वर्ष आम्ही फार मनावर घेतलं नाही. तुरुंगातून आठवड्याला फोन यायचा आणि आमची करमणूक व्हायची. जेलरला माझ्याशिवाय झोप लागत नाही. इथे सूप हेलिकॉप्टरने येतं. शेजारच्या कोठडीत एक राजा आहे, तो माझे पाय चेपतो. भावजय फोनवर ओरडायची, "थापा पुरे!" आणि फोन ठेवून गालातल्या गालात हसायची.

मग त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. थंड डोंगरावरच्या. तिथे त्याची भाषा कुणाला येईना आणि तिथल्या लोकांची बोली याला कळेना. मिनिटाला शंभर थापा मारणारा माणूस, आणि ऐकायला भिंत. फोन लहान लहान होत गेले. राजा गेला, हेलिकॉप्टर गेलं. एक दिवस भावजय माझ्याकडे आली, चप्पल न काढता तशीच दारात उभी.

"वन्सं, आज ते फक्त 'बरं' म्हणाले."

"अगं, लाईन खराब असेल."

"लाईन चांगली होती. मी विचारलं, जेवलात? बरं. थंडी आहे का? बरं. मी म्हटलं, मी दुसरं लग्न करतेय. तरी बरं."

पुढच्या आठवड्यात 'बरं'चं 'हं' झालं. तेव्हा मात्र मीही लाईनला दोष देणं सोडलं. लाडोबा चोर असता, दारुडा असता, तरी चाललं असतं. पण गप्प लाडोबा म्हणजे लाडोबा संपलाच. त्याला लवकर आणायला हवा होता, आपल्या बोलीच्या माणसांत. मग ते तुरुंगातले का असेनात.

आता आमचे जावईबापू वकील आहेत. म्हणजे काळा कोट आहे. ते म्हणाले, "आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. दोन्ही देशांत करार आहे. तिथला कैदी उरलेली शिक्षा भोगायला इथल्या तुरुंगात आणता येतो. तो आपला नागरिक हवा, तिथला निकाल शेवटचा हवा, शिक्षा बरीच शिल्लक हवी, आणि तिथलं सरकार, इथलं सरकार आणि कैदी, तिघांची संमती हवी."

"लग्नाला दोघांत भागतं," मी म्हटलं.

"अर्ज मी लिहितो. असा लिहितो की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल."

लिहिला. केवढा थोरला! मामा कसे देवमाणूस, कसे धुतल्या तांदळासारखे, भविष्य सांगणं ही आपल्याकडे कशी पूर्वापार चालत आलेली कला, तो आपल्या कायद्यात मुळी गुन्हाच नाही, एका निष्पाप माणसाचा परमुलखात कसा छळ मांडलाय. खाली सगळ्या गल्लीच्या सह्या. त्यात एक सही अशा शेजाऱ्याची, ज्याच्या तेराव्याला आम्ही जेवून आलो होतो. मी विचारलं तर जावईबापू म्हणाले, "जिवंत असते तर केलीच असती ना त्यांनी."

अर्ज नामंजूर होऊन आला. मग मी ठरवलं, या कोटाच्या नादी लागण्यात अर्थ नाही, आपणच जावं.

कैदी हस्तांतरण कक्ष तळमजल्यावर होता. खोलीत एकच खिडकी, आणि ती साहेबांच्या पाठीशी, म्हणजे उजेड फक्त त्यांच्या टकलावर. पंखा इतका सावकाश फिरायचा की त्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. भिंतीवर साहेबांचा विमानाशेजारी उभा असलेला फोटो. साहेब मात्र टेबलाखाली बूट काढून मोज्यांवर बसलेले, आणि बोटांपेक्षा अंगठ्या जास्त. एका बोटात पिवळा खडा, एकात निळा, आणि जागा संपली म्हणून अंगठ्यातही एक.

"बसा आजी," साहेब म्हणाले. "तो फोटो बघताय ना? एका पळपुट्या दरोडेखोराला आणायला गेलो होतो. ते प्रत्यार्पण. पळून गेलेल्याला खटल्यासाठी ओढून आणायचं ते प्रत्यार्पण. शिक्षा भोगत बसलेल्याला इकडे आणून बसवायचं ते हस्तांतरण. लोक दोन्हीची गल्लत करतात."

"मग आणलात का दरोडेखोर?"

"कागदात एक त्रुटी निघाली. तो आला नाही. मी आलो."

मी म्हटलं, तुम्ही आलात हेच काय कमी! मग कामाचं विचारलं. साहेबांनी फाईल उघडली आणि फार खूश होऊन जावईबापूंच्या अर्जावर बोट ठेवलं.

"हे बघा, तुमच्या वकिलांनीच सिद्ध केलंय की हा आपल्याकडे गुन्हा नाही. फार सुंदर लिहिलंय. आता नियम असा की, कैदी आणायचा तर त्याचं कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे. नसेल तर आपण त्याला इथे तुरुंगात ठेवणार कुठल्या आधारावर? आणला तर विमानतळावरच सोडावा लागेल. तसं कळलं तर तो देश देईल का? म्हणून नामंजूर."

घ्या! पोराला निर्दोष ठरवून निर्दोष ठरवून जावईबापूंनी त्याला डोंगरावर कायमचा बसवला. शहाणा जावई म्हणजे चालतं बोलतं संकट.

मी लगेच पवित्रा बदलला. "साहेब, तो अर्ज खोटा. माझा भाऊ गुन्हेगार आहे. अट्टल. मला लहानपणापासून माहीत आहे."

"तसं नाही चालत. भविष्य सांगणं वेगळं आणि फसवणूक वेगळी. फसवणूक व्हायला कुणीतरी फसायला हवं. खोटं सांगून माणसाला असं काही करायला लावलं जे त्याने एरवी केलं नसतं, आणि त्यातून त्याच्या शरीराला, मनाला नाहीतर लौकिकाला धक्का बसला, तर गुन्हा. पण बुटाचा तळवा बघून भविष्य?" साहेब अंगठ्या खुळखुळवत हसले. "आजी, त्याला कुठला शहाणा माणूस फसेल?"

मी त्यांच्याकडे बघितलं. पिवळा खडा, निळा खडा, अंगठ्यातला खडा. म्हटलं, देव कधी कधी गिऱ्हाईक ताटात वाढून देतो.

"खरंय साहेब," मी म्हटलं आणि उठायच्या निमित्ताने वाकले. "अरे बापरे!"

"काय झालं?"

"काही नाही. तुमचा बूट दिसला. जाऊ दे, तुमचा कुठे विश्वास."

"नाहीच आहे," साहेब म्हणाले. फाईल मिटली, परत उघडली. मग म्हणाले, "पण दिसलं काय?"

"आमच्या घराण्यातच आहे हे, दिसल्याशिवाय राहत नाही. अंगठ्याखाली अशी झीज मी एकदाच बघितली होती, तो माणूस पुढे मंत्री झाला. साहेब, तुम्ही वर जाणार."

"वर म्हणजे?" त्यांनी घाबरून छताकडे बघितलं.

"अहो, वरच्या मजल्यावर! मोठ्या खुर्चीवर. महिना संपायच्या आत हुकूम. पण उजव्याचा योग डाव्यात अडकलाय."

साहेब उठले, दार लावून आले. "मग सोडवतात कसा?"

"मी कशाला सांगू? शहाणा माणूस का असलं करतो?"

"माहिती म्हणून विचारतोय."

"हुकूम येईपर्यंत उजवा बूट डाव्या पायात घालायचा आणि डावा उजव्या. घालणारे घालतात, बाकीचे तळमजल्यावर निवृत्त होतात. येते मी."

दुसऱ्या दिवशीपासून मी अर्जाची चौकशी करायच्या नावाखाली बाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. काय सांगू! साहेब बदकासारखे यायचे. दोन्ही बुटांची नाकं बाहेर, डाव्या पायातला डावीकडे निघालेला, उजव्या पायातला उजवीकडे, आणि मधे साहेब कसेबसे सरळ. वळणावर तर त्यांना भिंत धरून तीनदा पुढेमागे करावं लागायचं, ट्रक मागे घेतल्यासारखं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरांनी सांगितलंय." आठवड्याभरात खिडकीची खोली शेजारच्या कक्षाच्या साहेबांना देऊन टाकली, आता ती कशाला हवी म्हणून. फोटोसुद्धा भिंतीवरून काढून बांधून ठेवला, वर न्यायला. त्या शेजारच्या साहेबांनी एका तासात खोली बळकावली. त्यांनी कुणाला भविष्य विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटी, करारावर बोलायला, त्याच परमुलखाचं शिष्टमंडळ आलं. जिन्याच्या पायथ्याशी लाल सतरंजी, मोठे साहेब स्वागताला. आमच्या साहेबांना वाटलं, हाच तो मुहूर्त. सगळ्यांच्या पुढे यायचं म्हणून ते आधीच वरच्या मजल्यावर जाऊन थांबले होते, तिथून जिन्यावरून लगबगीने उतरायला लागले. उलट्या बुटात. पहिल्या पायरीला पाय उजवीकडे गेला, दुसरीला डावीकडे, तिसरी पायरी त्यांना लागलीच नाही. सगळा जिना बसूनच उतरले आणि थेट त्या शिष्टमंडळाच्या पुढारीणबाईंच्या पायाशी पोचले. जाताना हाताला धरायला काही नव्हतं म्हणून त्यांची पिशवी धरली. ती फाटली. बाई म्हणाल्या, आमच्याकडे स्वागत इतकं जोरात करत नाहीत.

घोटा सुजला. हुकूमही आला, बढतीचा नाही, लेखी खुलाशाचा.

दोन दिवस जाऊ दिले आणि मी गेले. आता साहेबांची बसायची जागा मुतारीशेजारच्या बोळात, रद्दीच्या गठ्ठ्यांमध्ये होती. पाय खुर्चीवर, पायाला पट्टी. मला बघितलं आणि तिथूनच गरजले.

"म्हातारे! फसवलंस मला! तुला आत टाकतो की नाही बघ!"

"कुठल्या कलमाखाली, साहेब?"

"फसवणुकीच्या! दुसरं कुठलं?"

"असं कसं? तुम्हीच म्हणालात, बुटाच्या भविष्याला शहाणा माणूस फसत नाही. आणि कुणी फसलाच नाही तर गुन्हा नाही. मग आता एकच विचारते. गुन्हा झाला, का तुम्ही शहाणे नाही?"

साहेबांनी पट्टीचा पाय खुर्चीवरून खाली घेतला, परत वर ठेवला. मी रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले.

"तक्रार करा ना माझ्यावर. मी कोर्टात सगळं कबूल करते. उजवा डाव्यात, डावा उजव्यात. न्यायाधीश विचारतील, किती दिवस घातलेत? वर्तमानपत्रवालेही येतील. नाहीतर दुसरा रस्ता आहे. त्या फाईलवर खरं काय ते लिहा. शरीराला धक्का बसला?"

"बसला," साहेब घोट्याकडे बघून म्हणाले.

"मनाला?"

"आजी, मला रात्री जिना दिसतो."

"लौकिकाला?"

पलीकडून कुणीतरी मुतारीचं दार आपटलं. साहेबांनी फाईल ओढली आणि असं लिहायला लागले की कागद फाटतोय का काय. मी वाकून वाचलं. 'सदर कृत्य आपल्या देशातही फसवणुकीचा गुन्हा ठरते. अशा भविष्यकथनाने सुशिक्षित, विचारी व जबाबदार व्यक्तीचीही शारीरिक, मानसिक व लौकिकाची गंभीर हानी होऊ शकते. कैद्यास आणून येथे उर्वरित शिक्षा पूर्ण भोगायला लावावी, अशी शिफारस आहे.' 'पूर्ण' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. मारा म्हटलं.

पुढचं एकदाचं सरकलं. तिकडच्या सरकारने होकार दिला. पोलीसप्रमुखालाही बरंच वाटलं असणार, लाल खडे ओळखणारा देशाबाहेर गेलेला बरा. राहिली कैद्याची संमती. आपल्या वकिलातीचा माणूस डोंगरावर जाऊन लाडोबाला विचारून आला की, स्वखुशीने जाताय ना? लाडोबाने नुसतं बघितलं. वकिलातीच्या माणसाने शेरा मारला, कैदी उत्तर देत नाही. परत घोळ! मग मी फोनवर लाडोबाला झापलं, "बोलू नकोस हवं तर. सही तर कर. का तीही मीच येऊन करू?" मग "हं". पण सही केली.

त्याला आणायला दोन पोलीस गेले. तिकडून त्यांनी इतकी खरेदी केली की विमानतळावर आम्हाला आधी पिशव्या दिसल्या. पोलिसांचे चारही हात मोकळे, आणि बेडीतल्या माझ्या भावाच्या दोन्ही मनगटांना त्यांच्या अत्तरांच्या आणि चॉकलेटांच्या पिशव्या लटकवलेल्या. जावईबापू सगळ्यांना सांगत होते, "माझ्या अर्जाचं यश."

तुरुंगात भेटायला मी आणि भावजय गेलो. जाळीच्या अलीकडे बाक, पलीकडे बाक. लाडोबा आला, बसला. गालफडं आत गेलेली. आमच्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पायांकडे.

"अहो, काहीतरी बोला ना," भावजय म्हणाली. "थाप मारा हवी तर. मी काही म्हणणार नाही."

आजूबाजूचे कैदी आपापल्या बायकांशी भांडत होते, पोरांना शाळेचं विचारत होते, आणि आमच्या बाकावर शुकशुकाट. भावजयने तोंड फिरवलं. एवढा आटापिटा करून आणला तो हा? वेळ कसा घालवायचा म्हणून मी आपलं साहेबाचं सांगायला घेतलं. अंगठ्या, बूट, बदकाची चाल. तो ऐकत होता की नाही, देव जाणे. मी बोलतेच आहे. "मग मी सांगितलं, महिना संपायच्या आत हुकूम येणार..."

लाडोबाने मान वर केली.

"मुदत दिलीस?"

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. भावजयने माझा हात घट्ट धरला.

"दिली की."

"ताई, तू अगदीच कशी गं अडाणी? भविष्याला कधी मुदत द्यायची असते? 'होणार' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. वर एक आडवा येणारा माणूस घालून ठेवायचा, मिशीवाला. म्हणजे नाही झालं तर सगळं त्या मिशीवाल्यावर जातं. आणि बूट उलटे कशाला घालायला लावलेस?"

"मला सुचलं."

"सुचलं म्हणे! गिऱ्हाइकाला कधी दुखवायचं नाही. पायाला लागलं की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करणारं गिऱ्हाईक काय कामाचं? मी एका राजाला नुसतं डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं. त्याला राज्य परत मिळालं."

"कुठला राजा?" भावजय म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज नेहमीसारखा कडक. "थापा मारू नका."

"तू मधे बोलू नकोस. हे धंद्याचं चाललंय." लाडोबा जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत होता. पहाऱ्यावरचा शिपाई 'वेळ संपली' म्हणायला आला होता, तोही ऐकत उभा राहिला. "ते जाऊ दे. त्या साहेबाचा तळवा नक्की कुठे झिजला होता? अंगठ्याखाली म्हणतेस, पण आतून की बाहेरून?"

"मला काय माहीत? मी कुठे नीट बघितलं?"

"बघितलंच नाहीस?"

"टेबलाखाली अंधार होता."

लाडोबा मागे टेकला. माझ्याकडे त्याने इतक्या तुच्छतेने बघितलं, तसं मी त्या कचेरीतल्या कुणाकडेही बघितलं नव्हतं.

"म्हणजे न बघता त्या बिचाऱ्याला इतकं खोटं सांगितलंस? ताई, तुला काही लाज?"